दुःख सरत नाही, तेव्हा...

तेरावा पार पडतो. बाहेरगावचे पाहुणे परतीच्या गाडीला लागतात. दारासमोर दहा-बारा दिवस साचलेल्या चपला दिसेनाशा होतात, फोन कमी वाजू लागतो आणि घरात खरी शांतता उतरते ती त्यानंतरच. तसबिरीसमोर संध्याकाळी दिवा लागतो. पण दोन कप चहाचे आधण ठेवण्याची हाताची सवय सुटत नाही. कार्यालयात महिनाभर विचारपूस होते, मग तीही थांबते. ‘आता सावरायला हवे’ हे वाक्य आधी इतर बोलतात. पुढे माणूस ते स्वतःलाच बजावू लागतो. वर्ष उलटते, दुसरेही उलटते. तरीही बाजारात ओळखीच्या साबणाचा वास आला की पाय जागीच थबकतात.

अशा वेळी मनात येणारे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. हे दुःख कधी सरणार? ते सरत नाही, म्हणजे आपणच दुबळे आहोत का? हा एखादा आजार तर नव्हे? गेल्या शतकभरात मानसशास्त्राने या प्रश्नांचा बराच विचार केला आहे. त्यातून हाती आलेली उत्तरे आपल्याकडील रूढ समजुतींपेक्षा बरीच वेगळी आणि काही बाबतींत अधिक दिलासा देणारी आहेत.

पाच टप्प्यांचा गैरसमज

शोकाविषयी सर्वाधिक प्रचलित असलेली कल्पना म्हणजे पाच टप्प्यांची. नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य आणि अखेर स्वीकार, असा तो क्रम. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ महिलेने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तो मांडला. मात्र, एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. शिकागो येथे त्यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या, ते स्वतःच मृत्यूच्या दारात उभे असलेले रुग्ण होते. त्यांच्यामागे राहिलेल्या आप्तांचा तो अभ्यास नव्हता. पुढे हेच टप्पे सरसकट सर्व प्रकारच्या शोकाला लावले गेले आणि जणू परीक्षेच्या इयत्ता असाव्यात, तसे लोक त्यांच्याकडे पाहू लागले.

प्रत्यक्षात शोक सरळ रेषेत चालत नाही. तो लाटांसारखा येतो. काही दिवस बरे जातात आणि एखादा वाढदिवस, एखादे गाणे, कपाटाच्या कोपऱ्यात सापडलेली हस्ताक्षरातील चिठ्ठी पुन्हा पहिल्या दिवसापाशी आणून सोडते. याचा अर्थ केलेली वाटचाल वाया गेली, असा होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत या लाटांमधील अंतर वाढत जाते आणि त्यांचा जोर ओसरतो. त्या पूर्णपणे थांबतात, असे मात्र नाही.

फ्रॉइड यांचा अनुभव

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली शोक आणि विषण्णता यांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे, हे शोकाचे कार्य होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते पूर्ण झाले की मन पुन्हा मोकळे होते, असे त्यांना वाटत होते. पुढे तीनच वर्षांत, जानेवारी १९२० मध्ये त्यांची कन्या सोफी इन्फ्लुएंझाने वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी गेली. १९२३ मध्ये तिचा लहानगा मुलगाही दगावला.

मानवी मनाचा हा अभ्यासक स्वतःच्या सिद्धान्ताप्रमाणे त्या दुःखातून मोकळा झाला का? सोफी हयात असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती, त्या सुमारास, १९२९ साली त्यांनी एक पत्र लिहिले. ते होते लुडविग बिन्सवांगर या पुत्रशोकात असलेल्या स्विस सहकाऱ्याला. शोकाची तीव्रता कमी होते, पण आपले सांत्वन कधीच होत नाही. रिकामी झालेली जागा भरली तरी ती वेगळीच काहीतरी असते आणि हे असेच असायला हवे, कारण ते प्रेम टिकवण्याचा तोच एक मार्ग आहे, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात आहे. पित्याच्या अनुभवाने शास्त्रज्ञाच्या मांडणीत केलेली ही दुरुस्तीच म्हणावी लागेल.

नाते संपत नाही, बदलते

अभ्यासकांना हे मान्य होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या संशोधकांनी १९९६ साली संपादित केलेल्या ग्रंथात ‘टिकून राहणाऱ्या नात्यां’ची संकल्पना पुढे आणली. मृत व्यक्तीशी मनातल्या मनात बोलणे, निर्णय घेताना ‘त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या’ असा विचार करणे, त्यांच्या पद्धतीने आमटीला फोडणी देणे, ही मन अडकून पडल्याची खूण नाही. नाते नव्या रूपात जपण्याची ती रीत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम वर्डन यांनी शोकाची चार कार्ये सांगितली होती. मृत व्यक्तीतून मन काढून ते अन्यत्र गुंतवणे, हे त्यांतील चौथे कार्य. पुढील आवृत्त्यांमध्ये त्यांनी तेच बदलले आणि नव्या आयुष्याची वाट चालत असताना गेलेल्याशी चिरस्थायी नाते शोधणे, असे त्याचे स्वरूप केले.

मराठी वाचकाला यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याची गरज नाही. इंदिरा संत आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा ‘सहवास’ हा संयुक्त कवितासंग्रह १९४० साली आला. १९४६ मध्ये ना. मा. संत यांचे निधन झाले. १९५१ साली ‘शेला’ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरही विरहाची ही जाणीव त्यांच्या कवितेत वाहत राहिली. इंदिराबाईंचे निधन २००० साली झाले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ही उणीव सोबत बाळगली आणि त्याच काळात संसार, नोकरी व लेखनही केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्नी रमाबाई १९३५ च्या मे महिन्यात निवर्तल्या. पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ १९४० मध्ये त्यांनी त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेल्यानंतर रमाबाई रानडे यांनी सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. शोक आणि कर्तृत्व एकाच आयुष्यात शेजारी-शेजारी नांदू शकतात, हे या उदाहरणांतून दिसते.

दोन तीरांवरचे जगणे

आज व्यापक प्रमाणावर मान्य असलेली मांडणी नेदरलँडमधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची आहे. १९९९ साली त्यांनी सांगितले, की शोकग्रस्त माणूस दोन तीरांमध्ये ये-जा करीत असतो. एका तीरावर आठवणी, अश्रू आणि ओढ असते. दुसऱ्या तीरावर विजेचे बिल, मुलांची शाळा, बँकेतील अर्ज आणि आजवर जोडीदाराने केलेली कामे शिकण्याची धडपड असते. सतत पहिल्या तीरावर राहिले तर माणूस बुडतो आणि सतत दुसऱ्याच तीरावर पळत राहिले तर शोक मनात कोंडून राहतो. ही ये-जा हेच सावरणे होय.

यामुळे एक मोठी बोच कमी होऊ शकते. पतीच्या निधनानंतर तीन महिन्यांनी मैत्रिणींमध्ये खळखळून हसलेल्या स्त्रीला घरी आल्यावर अपराधी वाटते. ते हसू प्रतारणा नसते. मनाने घेतलेला तो विसावा असतो.

शरीरही शोक करते

शोक केवळ मनात राहत नाही. झोप उडणे, भूक मरणे, छातीवर दडपण येणे, विसराळूपणा वाढणे हे अनुभव सर्रास येतात. ब्रिटनमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा मागोवा घेतला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक असल्याचे त्यांनी १९६९ साली दाखवून दिले. जपानमध्ये १९९० साली ‘ताकोत्सुबो’ नावाच्या हृदयविकाराची नोंद झाली. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता दुर्बल होतो. त्याचे प्रमाण पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि योग्य उपचारांनी बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. म्हणूनच घरात मृत्यू झाल्यावर मागे राहिलेल्या ज्येष्ठ व्यक्तीची रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी चुकत नाही ना, हे पाहणे सांत्वनाइतकेच महत्त्वाचे आहे. छातीत दुखू लागल्यास ‘दुःखामुळे होत असेल’ असे म्हणून थांबू नये. तातडीने डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक अनुभव लोक लाजेपोटी सांगत नाहीत. गेलेल्या व्यक्तीची पावले वाजल्याचा भास होतो, हाक ऐकू येते, खोलीत कोणी आहे असे वाटते. वेल्समधील डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना असे अनुभव आले होते आणि अनेकांना त्यांतून आधारच वाटला होता. हे वेड लागल्याचे लक्षण नव्हे.

रीतिरिवाज: आधार आणि जाच

आपल्या परंपरांनी शोकाला वेळापत्रक दिले. सुतक, दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध आणि मग दरवर्षीचा पितृपक्ष. पहिल्या वर्षी अनेक घरांत दिवाळीचा फराळ केला जात नाही. तो नातेवाईक आणून देतात. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी होतो. मुस्लिम समाजात चाळिसावा पाळला जातो. वसईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, तर पारशी कुटुंबे वर्षअखेरीस मुक्तादच्या दिवसांत दिवंगतांचे स्मरण करतात. श्रद्धा कोणतीही असो, या सर्व रीतींत एक सूत्र समान आहे. शोक करणाऱ्याला एकटे सोडायचे नाही आणि गेलेल्याची आठवण काढायला वर्षातील काही दिवस राखून ठेवायचे.

याच परंपरांनी काहींच्या दुःखात भरही घातली. पतीच्या निधनाबरोबर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथांनी शोकाच्या सर्वांत हळव्या क्षणी तिची ओळखच हिरावून घेतली. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हळदीकुंकवाला शेजारणीला बोलवायचे की नाही, हा प्रश्न शहरी गृहनिर्माण संस्थांमध्येही आजवर पुरता मिटलेला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल.

ज्या शोकाला जागा मिळत नाही

काही मृत्यूंवर उघडपणे रडण्याचीही मुभा नसते. गर्भपात किंवा जन्मतःच दगावलेले बाळ, घटस्फोटित जोडीदार, समाजाने मान्य न केलेले नाते, आत्महत्या केलेले आप्त, अशा वेळी ‘तुम्हाला एवढे दुःख का’ असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली त्याला ‘हक्क नाकारलेला शोक’ म्हटले. पुरुषांच्या वाट्याला त्याचा आणखी एक प्रकार येतो. सगळी व्यवस्था बघण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते आणि डोळ्यांत पाणी आणायला सवड मिळत नाही.

पॉलीन बॉस यांनी ‘अनिश्चित वियोग’ ही संकल्पना मांडली. समुद्रात गेलेली होडी परत येत नाही, पुरात वाहून गेलेल्याचा देह सापडत नाही. अशा घरात दिवस घालायचे की वाट पाहायची, हे ठरत नाही. सात वर्षे संबंधितांना काहीच वार्ता न मिळाल्यास कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो. मनाला असे कलम लागू पडत नाही. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये असंख्य कुटुंबांना अंत्यदर्शनही मिळाले नाही. निरोप न घेता आल्याची ती खंत अनेकांच्या मनात आजही ताजी आहे.

आजार केव्हा म्हणायचे?

दीर्घकाळ आठवण येणे हा आजार नाही. मात्र काही जणांच्या बाबतीत शोकाची पहिली तीव्रता ओसरतच नाही आणि आयुष्य तिथेच गोठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ या निदानाचा समावेश झाला आणि हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षी हे निदान आपल्या सूचीत घेतले. जागतिक संघटनेने किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी सूचीने प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घातली आहे. त्या-त्या समाजाच्या आणि धर्माच्या रीतींच्या मानाने हा शोक अधिक असावा, हेही दोहोंनी नमूद केले आहे.

मुख्य लक्षण म्हणजे गेलेल्या व्यक्तीची असह्य ओढ किंवा तिच्याच विचारांत सतत बुडून राहणे. त्याच्या जोडीला मृत्यू खरा न वाटणे, आपला एक भाग मेला असे वाटणे, आठवण करून देणाऱ्या जागा व वस्तू कटाक्षाने टाळणे, भावना बधिर होणे, जगणे निरर्थक वाटणे, माणसांत परतता न येणे आणि तीव्र एकाकीपणा यांपैकी काही लक्षणे जवळजवळ रोज जाणवतात. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. आजारपणासारख्या नैसर्गिक मृत्यूनंतर सुमारे दहा टक्के प्रौढ आप्तांमध्ये असा शोक आढळल्याचे त्यात दिसले. अपघात, हत्या, आत्महत्या अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण बरेच अधिक असते.

या निदानावर टीकाही झाली. प्रेमाला रोगाचे नाव दिले जात आहे आणि औषधविक्रीला वाट मोकळी होत आहे, असा आक्षेप घेतला गेला. तो सर्वस्वी अनाठायी नाही. तारीख पाहून कोणाला रुग्ण ठरवणे चूकच. परंतु ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, त्याला ‘काळच औषध आहे’ असे सांगून वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणेही तितकेच चूक आहे.

उपचार कोणते?

बहुसंख्य शोकग्रस्तांना उपचारांची गरज नसते. त्यांना माणसांची गरज असते. ज्यांना ती असते, त्यांच्यासाठी शोकावर केंद्रित असलेली समुपदेशनाची पद्धत उपयुक्त ठरते. कॅथरीन शिअर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के रुग्णांना लक्षणीय आराम पडला. तुलनेसाठी वापरलेल्या दुसऱ्या मानसोपचाराने २८ टक्क्यांना. सुमारे सोळा भेटींच्या या उपचारात मृत्यूची हकिगत पुन्हा पुन्हा सांगणे, टाळलेल्या जागी हळूहळू जाणे, गेलेल्या व्यक्तीशी मनाने संवाद साधणे आणि पुढील आयुष्याची छोटी उद्दिष्टे ठरवणे यांवर भर असतो. याच गटाच्या २०१६ मधील अभ्यासात नैराश्यविरोधी गोळीने मूळ शोकावर विशेष फरक पडला नाही. सोबत नैराश्य असल्यास, समुपदेशनाच्या जोडीने, त्या लक्षणांवर मात्र ती उपयोगी पडली.

शोक आणि नैराश्य यांतील फरकही ओळखता यायला हवा. शोकात मन गेलेल्या व्यक्तीभोवती फिरते आणि अधूनमधून गोड आठवणीने चेहरा उजळतो. नैराश्यात सगळेच बेचव होते आणि माणूस स्वतःलाच कवडीमोल समजू लागतो. ‘मला तिच्याकडे जायचे आहे’, ‘मी कशाला जगू’ असे उद्गार, दारूचे वाढते प्रमाण, खाणे-पिणे सोडणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते.

मुलांना काय सांगावे?

मुलांना काही कळत नाही, हा समज खोटा आहे. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना मृत्यू कायमचा असतो, हे उमगू लागते. त्यापेक्षा लहान मूल ‘बाबा कधी येणार’ असे पुन्हा पुन्हा विचारते आणि त्याला तेच उत्तर शांतपणे पुन्हा द्यावे लागते. ‘आजी झोपली आहे’ असे सांगितल्यास मुलाला झोपेचीच भीती बसू शकते. ‘आजीचे शरीर बंद पडले, आता ती परत येणार नाही, पण आपण तिची आठवण काढू शकतो’ असे सोपे आणि खरे वाक्य अधिक बरे. यात तुझा काही दोष नाही, हेही आवर्जून सांगावे. मूल रडता रडता खेळायला पळाले, तर त्याला दुःख झाले नाही असे समजू नये. मुलांचा शोक असाच तुकड्या-तुकड्यांनी येतो.

आप्तेष्टांनी एवढे करावे

समाचाराला गेल्यावर काय बोलावे, हे अनेकांना सुचत नाही. बोलायलाच हवे, असे नाही. ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’, ‘तुला तरी दुसरा मुलगा आहे’ ही वाक्ये टाळावीत. ‘काही लागले तर सांग’ असे म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी डबा आणते’, ‘शनिवारी तुमच्याबरोबर बँकेत येतो’ असे म्हणावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. दाखल्याच्या प्रती, वारसाचे अर्ज, निवृत्तिवेतन ही कामे नेमकी अशा वेळी येतात, जेव्हा सही करायला हात उठत नाही. खरी मदत तिथे हवी असते. कपाट आवरण्याची घाई मात्र करू नये. कपडे कधी द्यायचे, हे त्या घरातील माणसाने ठरवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेलेल्या व्यक्तीचे नाव घ्यावे. आठवण करून दिली तर दुःख होईल, या भीतीने लोक गप्प बसतात. पण ज्याच्या घरात ती खुर्ची रिकामी आहे, तो क्षणभरही विसरलेला नसतो. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, एखाद्या जन्मदिवशी कोणी फोन करून म्हणाले, ‘आज त्यांची आठवण आली’, तर त्याला नवी जखम होत नाही. आपले माणूस आणखी कोणाच्या तरी मनात शिल्लक आहे, एवढे त्याला कळते. संध्याकाळी दिवा लावताना ते पुरेसे असते.